किल्लीवाली प्रुदेन्झा

रोममध्ये नदीपलीकडच्या वस्तीत राहणारी प्रुदेन्झा संगमरवराला झिलई द्यायची. शिल्पकार छिन्नी खाली ठेवून नाव कमवायला जात, मग ही घासायचा खरखरीत दगड, पेंढा आणि ओलं फडकं घेऊन बसे. नवरा वारला तेव्हा त्याचंच काम तिनं उचललं होतं.

कार्डिनलसाहेबांच्या हवेलीतली मूर्ती तिनं सात महिने घासली. बोकडाच्या पायांचा पॅन देव, आणि त्याच्या तावडीतून निसटता निसटता बोरूचं झुडूप होऊ लागलेली सिरिंक्स अप्सरा. घासता घासता प्रुदेन्झाचा त्या भेदरलेल्या पोरीवर जीव जडला.

मूर्तीवरचं कापड निघालं आणि तक्रार आली: अप्सरेच्या अंगावर चिंधी नाही! चौकशीला पाच धर्मगुरू नेमले, अध्यक्ष बिशप फुल्जेन्झिओ. पाप नेमकं कुठं आहे, हे एका भेटीत कळेना. बावीस भेटी झाल्या.

मार्चमध्ये हवेलीच्या कारभाऱ्यानं प्रुदेन्झाला बोलावलं. "बाई, दगड काळा पडलाय. दमट हवेनं असेल."

तिनं मूर्तीभोवती फेरी मारली. "दमट हवा नेमकी पोरीच्या मांडीलाच लागली होय? पॅनकडे तर फिरकलीसुद्धा नाही!"

बिशप तिथंच उभे होते. ते खाकरले. "आम्ही दगडाचा पोत तपासत होतो."

"तपासा की, महाराज. पण हात धुऊन या. हा डाग डुकराच्या चरबीचा आहे. ईस्टरआधीचे उपास चालू आहेत ना?"

बिशपांच्या चेहऱ्याचा रंग त्यांच्या जांभळ्या झग्याला जाऊन मिळाला.

आठ दिवसांत अहवाल आला. मूर्ती निर्दोष, पण बघणाऱ्यांना धोका. सबब भोवती लोखंडी जाळी बसवावी आणि किल्ली मोहात न पडणाऱ्या माणसाकडे द्यावी. असा माणूस हवेलीत सापडेना. कार्डिनलसाहेबांनी पोट धरून हसत किल्ली प्रुदेन्झाच्या कमरेला लावली.

धर्मगुरूंची तपासणीची हौस काही फिटली नव्हती. पण बाईचा नियम कडक. आत यायचं तर आधी फडकं घ्यायचं, गुडघ्यांवर बसायचं आणि पॅनचे पाय घासायचे. अप्सरेकडे हात गेला की ती किल्ली वाजवायची.

"बाई, मी बिशप आहे!"

"म्हणून तर नवं फडकं दिलंय. खुराच्या फटीत घाला."

नऊ वर्षांत पॅनच्या पायांवरचे कोरलेले केस पार झिजून गेले. एक परदेशी पंडित त्या गुळगुळीत मांड्यांपुढे थबकला आणि म्हणाला, "वा! पशूतून देवत्वाकडे जाणारा प्रवास! कुणाच्या हातची ही कला?"

"मोठमोठ्या हातांची," प्रुदेन्झा म्हणाली, आणि त्याच्यापुढे फडकं धरलं.