देवीच्या नावाचे केस

गोरक्षचे केस खांद्याला टेकले आणि गावानं ठरवून टाकलं, मनकर्णाचा पोरगा हातचा गेला. गावाला ठरवायला काय लागतं! ज्यानं जन्मात सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही, त्याला गांजेकस करून लोक मोकळे झाले. तो सायकलवरून येताना दिसला की पारावरून आरोळी ठरलेली, "हिप्पी आला रे, हिप्पी!"

हे एकाहत्तर सालचं. गोरक्ष श्रीरामपुरात रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता, रोज सायकलनं जाऊन-येऊन. एकदा एका डॉक्टरांच्या बंगल्यावर रेकॉर्ड प्लेअर बिघडला म्हणून मालकानं त्याला पाठवलं. डॉक्टरांचा मुलगा पुण्याला कॉलेजात, सुट्टीला आलेला. प्लेअर चालतो का बघायला त्यानं एक इंग्रजी रेकॉर्ड लावली. आणि काय सांगू तुम्हाला! विजेवरची गिटार अशी काही किंचाळली, मागून ढोल असा काही बडवला, की गोरक्ष हातातली हत्यारं तशीच धरून उभा राहिला. गाळप चालू असताना साखर कारखान्यात उभं राहिलं की जमीन तळपायातून वर चढते, तसं त्याला झालं. शब्द एक कळला नाही. बाप गेल्यापासून घरात, शेतात, दुकानात तो सगळ्यांना नुसतं "व्हय जी, व्हय जी" करत आलेला. इथं कुणीतरी घसा फाडून "न्हाई" म्हणतंय असं त्याला वाटलं, आणि त्याचा जीव त्या आवाजाला जडला तो जडलाच.

"परत लावता का?" त्यानं विचारलं.

मुलगा हसला. "तुला काय कळतंय रे यातलं? तुझं आपलं तमाशातलं बघ."

गोरक्षनं हत्यारं पिशवीत भरली. पण नंतर सुई बदलायची, वायर बघायची, असली काही ना काही निमित्तं काढून तो बंगल्यावर जात राहिला. रेकॉर्डच्या पुठ्ठ्यावर चार केसाळ गडी होते. गोरक्षनं न्हाव्याकडे जाणं सोडलं ते तेव्हापासून.

डॉक्टरांच्या पोराचे केस गोरक्षपेक्षाही लांब. पण त्याला बघून हेच लोक म्हणायचे, "शिकलेलं पोर हाय, फॅशन असती त्यांच्यात." बंगल्यात ती फॅशन आणि गोरक्षच्या पत्र्याखाली तो गांजा. आता बोला!

गोरक्षला या बोलण्याचं काही वाटलं नसतं. पण घरात धाकटी बहीण चांगुणा लग्नाची होती. राहुरीकडून स्थळ आलं. मुलगा शिक्षक, घर बरं, हुंड्याचा हट्ट नाही. असं स्थळ पुन्हा दारात येणार नव्हतं हे मनकर्णाला ठाऊक होतं. तिनं गोरक्षला हात जोडले, "बाबा, तेवढं डोकं भादरून ये."

"आई, केसात काय हाय? ते पोरगी बघायला येत्यात का मला?"

चुकलंच त्याचं. पण एवढी एकच गोष्ट त्याच्या मालकीची होती, ती सोडवेना त्याला.

पाहुणे आले. नवऱ्या मुलाचा बाप आणि आत्या आक्काबाई. बाप बिचारा मुका बैल. कारभार सगळा आक्काबाईच्या हातात. चांगुणानं चहा दिला, नाव सांगितलं, चालून दाखवलं. आक्काबाईची नजर पोरीवरून फिरून समाधानानं गोरक्षवर आली आणि तिथंच अडकली.

"हे वो काय? पोराचे केस असे का?"

पारावरची आरोळी हिच्या कानावर गेली असली तर? मनकर्णा घाईघाईनं बोलून गेली, "देवीचे हायेत ते. मोहट्याच्या देवीला बोललोय. नवस हाय."

आक्काबाईनं लगेच हात जोडले. चेहरा खुलला तिचा. "भाग्याचं पोर बाई! आजकाल कोन करतंय एवढं?" मनकर्णाला हायसं वाटलं. गोरक्षनं खाली मान घातली. आणि मग आक्काबाईनं, अगदी आपुलकीनं, विचारलं, "पन नवस कशापायी?"

घ्या! नवस म्हटलं की मागं काहीतरी संकट आलंच. उगाच कोण देवीला बोलतं? मनकर्णानं याचा विचारच केला नव्हता. कोर्टकचेरी म्हणावं तर भांडखोर घर, कर्ज म्हणावं तर कफल्लक. बाई घाबरली, तोंडाला येईल ते बोलली, "पोरीच्या दुखन्यापायी."

आक्काबाईनं हातातली कपबशी खाली ठेवली.

"कसलं दुखनं?"

"आता बरी हाय की..."

"पन केस तर अजून हायेत. म्हंजी नवस फिटला न्हाई."

गोरक्ष ताडकन उठला. "आत्याबाई, नवस-बिवस काही न्हाई. आई खोटं बोलली. मला इंग्रजी गानी आवडत्यात, म्हनून ठेवलेत केस. लोक हिप्पी म्हनत्यात मला. विचारा गावात!"

आक्काबाईनं त्याला खालून वर न्याहाळलं. टाचांच्या भेगा, गुडघ्याला ठिगळाची विजार. आणि मग ती मायेनं हसली. मायेनं, हे त्याला सगळ्यात जास्त लागलं.

"अरे लेकरा, हिप्पी साहेबाची पोरं असत्यात. तुला कुठली आलीत इंग्रजी गानी? बहिनीचं झाकतोयस व्हय? झाकावंच भावानं. गुनाचा हायेस." आणि आपल्या भावाकडं वळून म्हणाली, "चला."

वर्षभर जे गाव त्याला हिप्पी म्हणत होतं, त्यातलं एक माणूस त्या दिवशी शपथेवर सांगायला हवं होतं. कुणाला बोलवायचं? आठवड्यात निरोप आला, पत्रिका जुळत नाही. आक्काबाईचं तोंड राहुरीपासून नेवाशापर्यंत पोचणारं. नवसाची गोष्ट गावातही फिरली. पुढच्या स्थळानं येण्याआधीच विचारलं, पोरीला फेफरं येतं का?

मनकर्णा स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायची. चांगुणा भावाला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. शेवटी एका रविवारी गोरक्ष उठला आणि न्हाव्यापुढं जाऊन बसला. "सगळे काढ," म्हणाला. मातीत पडलेल्या केसांकडं त्यानं वळूनही पाहिलं नाही. आता झगडाच मिटला असं त्याला वाटलं.

तो घरी पोचायच्या आत शेजारची बायडाबाई नारळ आणि हळदीकुंकू घेऊन दारात हजर. तिनं चांगुणाला जवळ ओढलं, मळवट भरला, कानशिलावर बोटं मोडून दृष्ट काढली.

"फिटला गं बाई नवस! देवीनं ऐकलं. आता सांगायला काय हरकत हाय? काय दुखत हुतं गं तुला?"

चांगुणानं कुंकवाच्या कपाळानं, तेवढ्यात दारात पोचलेल्या भावाकडं पाहिलं. गोरक्षनं तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवला. चांगुणा वाकली आणि बायडाबाईच्या पाया पडली.