तेल लावलेल्या डोक्याचा नकाशा

स्वारगेटहून सकाळी इंदापूरची एस.टी. धरली, तेव्हा माझ्यापुरता निकाल लागलेला होता : हे सगळं थोतांड आहे. मी तीस वर्षं पुण्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्तलघवीच्या बाटल्या हाताळल्या. त्यामुळे कुठलाही रिपोर्ट समोर आला की आधी माझी भुवई चढते. अशात धाकटी बहीण वत्सला फोनवर म्हणाली, "आक्का, पल्लवीच्या मेंदूचा नकाशा काढायचा हाय बारामतीला. तू ये. तुला त्यातलं कळतं."

मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण पल्लवी माझी भाची. इंदापूरला फार्मसीच्या पहिल्या वर्षाला होती. पेपर हातात पडला की तिला दरदरून घाम फुटायचा आणि वाचलेलं सगळं गुल व्हायचं. गेल्या वर्षी इंदापूरच्या एका मंगल कार्यालयात शिबिर भरलं. तिथे तिच्या डोक्याला तारांची टोपी घालून रंगीत चित्र काढलं, तर कपाळाकडची बाजू लालभडक. तो फोटो माझ्याही फोनवर आला होता. पुढे महिन्याभरात तिनं कॉलेज सोडलं. आता परत जायचं तर शनिवारपर्यंत फॉर्म भरायचा होता, आणि पोरगी म्हणत होती, डोकंच खराब असेल तर फॉर्म भरून काय उपयोग. म्हणून आता बारामतीच्या एका केंद्रात नकाशा पुन्हा काढून बघायचा होता.

भिगवणच्या पुढे उजनीचं पाणी दिसायला लागलं. शेजारच्या आजोबांनी विचारलं, "कुठं निघालाय?"

"निमगाव केतकीला, बहिणीकडे."

"काय इशेष?"

"काही नाही."

"काय न्हाय म्हणून कोण येतंय एवढ्या उन्हाचं," असं म्हणून त्यांनी तोंड फिरवलं. संशय घेणारी मी एकटीच नव्हते तर.

इंदापूरला गाडी बदलून निमगावात पोचले. वत्सलाचा पानमळा (विड्याच्या पानांचा मळा) घरालगतच आहे. बाहेर डोळे दिपवणारं ऊन आणि मळ्यात शिरलं की गार, हिरवा काळोख. जेवायला शेंगोळी होती (हुलग्याच्या पिठाच्या वळ्या घालून केलेली झणझणीत आमटी). मी दोनदा वाढून घेतली. पल्लवीनं एक भाकरीही संपवली नाही. मी बारामतीच्या केंद्राबद्दल खोदून खोदून विचारत होते. कोण चालवतं, शिकलंय काय, नाव कुणी सुचवलं? वत्सला वैतागून म्हणाली, "आक्का, तू लगीन जमवाय आलीस का दवाखान्यात न्यायला?"

सकाळी निघण्याआधी वत्सलानं लेकीला पुढ्यात बसवलं आणि वाटीभर बदामाचं तेल तिच्या डोक्यात जिरवलं. मग चापूनचोपून वेणी घातली. "डोस्क्याच्या डॉक्टरकडं भुरक्या केसांनी न्यायची का? म्हणतील, घरात बघणारं कोण न्हाय." मला ते रास्तच वाटलं. आमच्या आईनंही तेच केलं असतं.

बारामतीच्या गाडीत खिडकीबाहेर नुसता ऊस. अंथुर्णे गेलं, लासुर्णे गेलं, पल्लवी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. बारामतीच्या स्टँडपासून केंद्र चालत दहा मिनिटांवर, एका औषधाच्या दुकानाच्या वर. भिंतीवर तीन प्रमाणपत्रं. मी चष्मा लावून तिन्ही वाचली. कोपऱ्यातल्या पडद्यावर एक मासा पोहत होता. लक्ष लागलं की मासा पुढे सरकतो, भटकलं की थांबतो. अशा खेळातून मेंदूला सराव द्यायचा म्हणे. मी मनात म्हटलं, मासा बरा आहे, गळाला कोण लागतंय ते बघू.

तिथल्या मॅडम तिशीच्या असतील. त्यांनी टोपी उचलली, पल्लवीच्या भांगाला बोट लावलं आणि टोपी परत ठेवली.

"तेल आहे. असं नाही करता येणार."

आला डाव, मी मनात म्हटलं. आता दुसऱ्या खेपेला बोलावणार. "थोड्याशा तेलानं काय होतंय?" मी जरा चढ्या आवाजात विचारलं.

"टोपीतल्या या बटणांना त्वचेतून मेंदूच्या फार बारीक लहरी टिपायच्या असतात. मधे तेल आलं की बटण नीट चिकटत नाही. मग यंत्र भलतंच काहीतरी टिपतं आणि त्याचंही चित्र छान रंगीत येतं. फोनवर सांगितलं होतं की, केस धुऊन या."

"धुतलं की काल," वत्सला म्हणाली. "धुतल्यावर तेल लावू नका, असं कुठं म्हणाला तुमी?"

मॅडम हसल्या नाहीत. "माझी चूक. समोर पार्लर आहे. दोनदा शाम्पू करा, पूर्ण वाळवा आणि या. मी थांबते."

पार्लरवालीनं एवढं तेल पाहून विचारलं, "घरात काय लगीन हाय का?" मेंदूचं नाव निघायला नको म्हणून वत्सला घाईनं "व्हय" म्हणाली. मग केस धुवून होईस्तोवर नवरा काय करतो, हळद कधी, सगळ्याची उत्तरं तिला बनवावी लागली. पल्लवी मान खाली घालून हसत होती. दोन दिवसांत पहिल्यांदा.

या वेळी टोपी चढली. थोडा वेळ डोळे मिटून, थोडा वेळ उघडे. चित्र आलं ते बहुतेक हिरवं, कुठे कुठे पिवळट. मॅडमनी जुना फोटो मागितला, बराच वेळ पाहिला.

"त्या दिवशीही तेल होतं?"

"व्हय," वत्सला म्हणाली. "मोठ्ठा डॉक्टर येणार म्हणून मुद्दाम जास्ती लावलं हुतं."

"मग या लाल रंगाला अर्थ नाही. यावर काहीच ठरवू नका."

"आणि तुमच्या हिरव्यावर?" मी विचारलं.

"एकट्या त्याच्यावरही नाही. आजार आहे की नाही हे नकाशा सांगत नाही. तिच्याशी बोलून, झोप, भीती सगळं विचारून सराव कुठून सुरू करायचा, तेवढ्यापुरता तो. गुण येईलच असंही मी म्हणत नाही. आधी डॉक्टरांना दाखवा."

धरायला शेपूटच सापडेना. त्या माशाच्या खेळावर माझा अजूनही विश्वास नाही. पण तेल बघून त्या बाईनं टोपी खाली ठेवली, तेवढं मात्र मला मान्य करावं लागलं.

परतीच्या गाडीत वत्सलानं तिघींची तिकिटं काढली. मग एकदम डोळ्याला पदर लावून म्हणाली, "माज्याच हातानं वरीस घालवलं गं पोरीचं."

"तुज्यामुळं न्हाय आई," पल्लवी म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "फोटो बघून मावशीच फोनवर म्हणाली हुती, असल्या डोक्याला अभ्यासाचा ताण देऊ नका, कॉलेज बंद करा. मावशीला रिपोर्ट कळतात. म्हणून मी सोडलं."

मला ते वाक्य आठवतही नव्हतं. कामात असताना फोन आला असेल, चित्र बघितलं असेल आणि बोलून मोकळी झाले असेन. लॅबमध्ये 'नमुना कसा घेतला' हे विचारल्याशिवाय मी परक्या माणसाचाही कागद पुढे सोडला नाही. बाटलीला नुसता पाण्याचा थेंब दिसला तरी परत पाठवली. आणि घरच्या पोरीच्या वेळी एक साधा प्रश्न विचारला नाही. लाज वाटली, फार वाटली.

दुसऱ्या दिवशी पुण्याला निघाले, तर पल्लवी कागदाची पिशवी घेऊन इंदापूरपर्यंत सोबत आली. फॉर्म भरायला. स्टँडवर माझी गाडी लागलेली होती. मी तिचा हात धरून म्हटलं, "पल्लवी, चुकलं माझं. तू कॉलेज कर की सोड, हे मी सांगायला नको होतं."

तिनं हात सोडवला नाही.

"सांग की," ती म्हणाली. "पण आधी मला इचार, मावशी." आणि पिशवी सावरत कॉलेजच्या रस्त्याला लागली.