राणीचा रंग

जुनी पुस्तकं जपून ठेवणाऱ्यांना माझा राग आला तरी चालेल.

आज दुपारी माझ्या लहानपणीचं चित्रांचं पुस्तक मी चार वर्षांच्या लेकीला वाचून दाखवत होते. मध्येच तिनं विचारलं, "आई, राणी माझ्यासारखी का नाय?" मग तिनं तपकिरी खडू घेतला आणि राणीचा गोरा चेहरा रंगवून टाकला.

गारखेड्याहून आलेल्या माझ्या नणंदबाई म्हणाल्या, "इतकं जपलेलं पुस्तक, अन् पोरीनं राणी काळी करून ठेवली."

"रंगवू द्या ताई, अजून राजकन्या राहिलीय," मी म्हणाले आणि पान उलटून लेकीपुढं धरलं.

आता पुस्तकात दोघी सावळ्या आहेत आणि मी काहीही पुसणार नाही. तुमच्या घरच्या पुस्तकांतली राणी कशी दिसते?