अण्णांच्या सायकलची सीट

भुताखेतांचा विषय निघाला की मी उठून दुसरीकडं जाणारा माणूस. आमच्या ग्रुपवर कुणी असले अनुभव टाकले, तर खाली हसणारी बाहुली टाकणारा पहिला मीच. त्यामुळं हे वाचून कुणी हसलं तर माझी तक्रार नाही. पण पाच-सहा महिने मनात ठेवून बघितलं, जमलं नाही. बायको म्हणाली, "लिहून टाका, डोक्यातनं तरी जाईल." म्हणून लिहितोय.

माझं कोल्हापुरात चष्म्याचं दुकान आहे, राहायला शिवाजी पेठेत. वय एकोणपन्नास. सहा वर्षांपूर्वी शुगर निघाली, डॉक्टर म्हणाले चालत जा, मी सायकल घेतली. एका रविवारी हातकणंगल्याला चहाला थांबलो असताना अण्णा भेटले. जयसिंगपूरला त्यांचं बियाण्याचं दुकान. घरात कानडी, बाजारात मराठी. साठीला आलेले, सहा फूट उंच. मी पाच फूट तीन इंच. माझ्या सायकलकडं बघून म्हणाले, "पावणं, सीट लई वर हाय की तुमची! गुडघं जातील!" आणि विचारायच्या आत पाना काढून खाली करून दिली. स्वतःच्या सीटच्या दांडीवर त्यांनी पांढऱ्या रंगाची बारीक रेघ मारली होती, कितीही वेळा सीट काढली तरी उंची चुकू नये म्हणून. तशीच रेघ त्यांनी माझ्याही दांडीवर मारली.

त्या दिवसापासून दर रविवारी आम्ही बरोबर. चष्म्याचं दुकान म्हणून ते मला गमतीनं 'डॉक्टर' म्हणायचे.

"डॉक्टर, एकदा दोनशे मारायचं तुमी. एका दिवसात. मी हाय संगट."

माझी मजल शंभर-सव्वाशेपर्यंत गेली. दोनशे काही होईना. आणि मग अण्णा आजारी पडले. पोटाचं दुखणं होतं, उशिरा कळलं.

मी त्यांना बघायला एकदा गेलो. एकदाच. कॉटवर जो माणूस होता तो मला ओळखू आला नाही... हात नुसते काड्या. दहा मिनिटं बसलो आणि पळून आल्यासारखा आलो. नंतर दर रविवारी ठरवायचो, आणि दर रविवारी काहीतरी निघायचं. एक दिवस दुकानात असताना त्यांचा फोन आला. समोर गिऱ्हाईक नव्हतं. मी स्क्रीनकडं बघत बसलो, रिंग संपेपर्यंत. संध्याकाळी करू म्हटलं. केला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेल्याचाच फोन आला.

मातीला गेलो, लांब उभा राहिलो. घरी गेलो नाही. अक्कांना, म्हणजे अण्णांच्या मंडळींना, कुठल्या तोंडानं भेटणार होतो?

जानेवारीत मी एकट्यानं दोनशे करायचं ठरवलं. कोल्हापूर, मिरज, कवठेमहांकाळच्या थोडं पुढं आणि परत. पहाटे निघालो. जाताना जयसिंगपूर अंधारात मागं पडलं, मी त्यांच्या गल्लीकडं बघितलंसुद्धा नाही. शंभर झालं, परत फिरलो. दीड वाजायच्या सुमारास अंकलीचा पूल ओलांडून उदगावला आलो. एकशे अठ्ठावन्न किलोमीटर झाले होते. एका छोट्या चढावर गिअर बदलला आणि कडकन आवाज आला. मागच्या गिअरचा सांगाडा मोडून चाकात गेला, चार-पाच तारा तुटल्या, चाक जाम. सायकल हातानं ढकलण्यापलीकडं काही शिल्लक नव्हतं.

बायकोला फोन लावला. "गाडी घेऊन ये. संपलं माझं."

ती म्हणाली, "दीड तास तरी लागंल मला निघायलाच. तोवर उन्हात उभं राहणार काय? अक्कांच्याकडं जावा की."

"नको."

"किती दिवस तोंड चुकवणार आहात हो तुम्ही?"

मागचं चाक उचलून धरत मी जयसिंगपूरपर्यंत चालत गेलो. दार अक्कांनीच उघडलं. मला बघितलं, सायकलकडं बघितलं.

"बर्री," म्हणाल्या. या. मग मराठीत, "आत या भावजी. पाणी घ्या आधी."

पाणी प्यालो. त्यांनी भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दही वाढलं. काही विचारलं नाही. ते मला जास्त लागलं. शेवटी मीच म्हणालो, "अक्का, अण्णांचा फोन आला होता. मी उचलला नाही. गिऱ्हाईक होतं, असं सगळ्यांना सांगितलं... नव्हतं कुणी."

"मीच लावून दिलता फोन," म्हणाल्या. "त्यास्नी धरवत न्हवता. कानाला मी धरला. वाजून वाजून बंद झाला, तर म्हणालं, ऱ्हाऊ दे, गिऱ्हाईक असंल. परत लावू नगंस, धंद्याच्या टायमाला."

मी तिथंच रडलो. त्यांनी तांब्या पुढं केला, मग म्हणाल्या, "किती ऱ्हायलंय तुमचं?"

"चाळीस. बेचाळीस."

"मग त्यांची सायकल हाय की. घिऊन जावा."

मी हसल्यासारखं केलं. त्यांची सायकल माझ्या कामाची नव्हती. मागं एकदा मी गंमत म्हणून बसलो होतो तर पायाचे अंगठेसुद्धा पॅडलला नीट टेकले नव्हते. आणि पाच महिने नुसती पडलेली सायकल, टायरमध्ये हवा कुठली असायला? तरी अक्का उठल्या. कमरेची किल्ली काढून मागच्या खोलीचं कुलूप उघडलं.

सायकल भिंतीला टेकवून उभी होती, वर चादर. "माती झाल्यावर आठवड्यानं मीच झाकली," अक्का म्हणाल्या. "एक चादर पुरंना, सीट उच. म्हणून दुसरी जोडून गाठी मारल्या." बोलता बोलता त्या थांबल्या. चादर ढिली पडली होती, पोटासारखी खाली लोंबत होती. गाठी मात्र तशाच, इतक्या आवळलेल्या की सुटेनात. त्यांनी आतनं कात्री आणून कापल्या. चादरीवरच्या धुळीत कुणाचं बोट उमटलेलं दिसलं नाही. धूळ खाली पडली आणि आम्ही दोघं बघत राहिलो.

सीट खाली होती.

मी टायर दाबून बघितला. टणक. बारीक टायर हे, पंधरा दिवसांत मऊ पडतात, ज्यांच्याकडं आहेत त्यांना विचारा. दुसराही टणक. मी पाय टाकून बसलो. टाच पॅडलवर, गुडघा सरळ... अण्णा जसं तपासायचे तसं तपासलं. माझ्या मापाला बोटभरही फरक नव्हता. उतरलो, पाना घेतला आणि सीटची दांडी वर ओढली. वीतभर वर आल्यावर त्यांची ती पांढरी रेघ नळीतनं बाहेर आली.

"कुणी हात लावला होता काय, अक्का?"

"कोण लावणार? पोरगं पुण्याला, मातीनंतर आल्यालं न्हाय. किल्ली माझ्याजवळ." मग हळूच म्हणाल्या, "झाकली तवा सीट वरच हुती भावजी. माझ्या छातीपत्तोर. मी हात फिरवलाय की त्यावरनं."

मी दांडी परत खाली सरकवली. माझी मोडकी सायकल तिथंच भिंतीला टेकवली. बायकोला फोन करून निघू नको म्हणून सांगितलं, आणि निघालो.

पुढच्या चाळीस किलोमीटरबद्दल लोक विचारतील. कुणी मागनं ढकलत होतं काय, आवाज आला काय. नाही. काहीही झालं नाही. हातकणंगल्यापर्यंत समोरनं वारं होतं, उसाचे ट्रॅक्टर होते, मांड्या भरून आल्या होत्या. मी दोन-तीनदा वळून मागं बघितलंसुद्धा... रस्ता मोकळा होता. कुणीतरी सोबत आहे असं वाटावं म्हणून मी झटत होतो, आणि तसं अजिबात वाटत नव्हतं. इतका एकटा मी आयुष्यात कधी नव्हतो. शिरोलीच्या पुलाच्या पुढं मोबाईलवरचा मीटर दोनशेवर गेला तेव्हा मी थांबलो नाही, फोटोही काढला नाही. घरी जाऊन दाराच्या पायरीवर बसलो, बस्स.

नंतर शक्य ते सगळं तपासलं. अण्णांच्या मुलाला फोन केला, तो खरंच आला नव्हता. सीटचा बोल्ट सैल पडून दांडी आपोआप खाली गेली म्हणावं, तर बोल्ट इतका घट्ट होता की पान्याला जोर लावावा लागला. शिवाय ती गेली ती नेमकी माझ्या मापावर? आणि टायरमधल्या हवेचं काय? सायकलच्या दुकानदाराला नाव न सांगता विचारलं. तो म्हणाला, पाच महिन्यांत टायर जमिनीला टेकायलाच पाहिजे.

पुढच्या रविवारी सायकल परत करायला गेलो. अक्का म्हणाल्या, "तुमीच ठेवा, हितं कोण चालवणार?" चहा झाला. निघताना त्या दारापर्यंत आल्या. उंबऱ्यावर हात टेकून उभ्या राहिल्या आणि जे म्हणाल्या त्यासाठी माझी तयारी नव्हती.

"एक इचारू, भावजी? तुमी फोन उचलला न्हाय, तर तुमच्यासाठी एवढं केलं त्यानी. मी अडतीस वर्सं संसार केला. त्यांचं सगळं काढलं, शेवटाला उशापायथ्याला बसून ऱ्हायले. रोज सांजंला दिवा लावून म्हणते, नुसतं स्वप्नात तर या. एकदा." पदरानं तोंड पुसलं. "माझ्याकडं का आलं न्हाईत वो?"

सीटचं मला कळलेलं नाही, आणि आता कळेल असंही वाटत नाही. पण रात्री जाग येते ती त्यासाठी नाही. दारात उभ्या असलेल्या त्या बाईला मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी मान खाली घालून चपला घातल्या, सायकल घेतली आणि निघून आलो.