उंबऱ्याआतली खुर्ची

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सात वाजता, माझी चाकांची खुर्ची प्रथमच उंबऱ्याला अडली. "बसणाऱ्याला इचारल्याबिगर पाना लावायचा न्हाय," असे ज्यांचे ब्रीद, त्यांनीच ती अडवली होती.

मंगळवार पेठेत, आमच्या गल्लीच्या तोंडाशी, त्यांचे सायकलदुरुस्तीचे दुकान. तरुणपणी आम्ही एकाच तालमीच्या मातीत लोळलो होतो. मधुमेहात माझा डावा पाय मांडीतून गेला, तेव्हा खुर्ची त्यांनीच माझ्या अंगाला बसवली. मला बसवून, मागून मुठी धरून ते ती कलती करीत आणि विचारीत, "मास्तर, भ्या वाटतंय का?" मी नाही म्हटले की हसत. "पाय न्हाय, वजन मागं गेलंय. थोडं भ्या वाटाय पायजे, तवाच फुडची चाकं उठत्यात."

उंबरा ओलांडायलाही त्यांनीच शिकवले. मोठ्या चाकांना झटका द्यायचा, पुढची छोटी चाके उचलायची. पलीकडे तालमीचा कट्टा. तेथे मी वर्तमानपत्र मोठ्याने वाची. चौघे ऐकत, दोघे भांडत. दिवसातला तेवढाच वेळ मी कोणाचा आजारी नसे.

त्या सकाळी पुढची चाके उठेनात. खाली चाचपले. मोठी चाके चौकटीच्या मागच्या छिद्रांत सरकवलेली होती. तशी खुर्ची उलटत नाही. उंबराही ओलांडत नाही.

सुनेने त्यांना बोलावून आणले. आदल्या दुपारी, मी झोपलो असताना, त्यांनी हे केले होते.

"कोणी सांगितलं?"

"तुमच्या पोरानं. मागं उताराला उलटा पडलासा, डोकं थोडक्यात वाचलं. त्येला झोप न्हाय."

"मला विचारलंत?"

ते पाना हातात फिरवीत राहिले. "इचारलं असतं तर न्हाय म्हणला असतासा की."

मुलावर मी रागावलो नाही. त्याने भ्यावे, हे योग्यच. यांनी मात्र मला आखाड्यात शंभरदा पडताना पाहिले होते आणि एकदाही उचलले नव्हते.

चाके पुन्हा पुढे घ्या, असे मी सांगितले.

"माझ्या हातनं न्हाय व्हायचं, मास्तर."

"मग येऊ नका."

ते आले नाहीत. श्रावणात दुकानाला कुलूप लागले. मलकापूरला लेकीकडे गेले आणि तिकडेच वारले, असे कट्ट्यावरचे एकजण घरी येऊन सांगून गेले. त्या खुर्चीला दुसऱ्या कोणाचा पाना मी लागू दिला नाही.

त्या दिवशी जाताना ते हवेचा पंप दारातच विसरले. टायर नरम असला की ब्रेक धरत नाही, ही त्यांचीच शिकवण. त्याच सकाळी, उंबऱ्याच्या आत, मी दोन्ही चाकांत हवा भरली आणि ब्रेक लावले.