मी ‘समोरासमोर’ म्हणालो

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. एकदा तोंड उघडलं होतं — पण स्वतःचीच शिसारी आली आणि विषय बदलला. तुम्ही ऐका. समजूत मात्र घालू नका.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सांगलीत एसटी स्टँडामागं व्हिडिओ गेमचं एक दुकान होतं. घामाचा कुबट वास, चिकट बटणं. तिथला दीडशहाणा मी. मारामारीच्या गेमचे प्रकार मीच पाडले होते. दोघंच एकमेकांपुढं उभे — तो ‘समोरासमोर’. रस्त्यानं चालत जायचं, अंगावर येईल त्याला हाणायचं — तो ‘टोळीचा’. त्यात जोडीदार घेता येतो. नवा गेम आला की पोरं विचारायची, हा कशात रं? मी सांगेन ते शेवटचं. केवढा माज होता मला त्याचा.

बिरू माझा जोडीदार. म्हसवडकडच्या मेंढपाळाचा पोरगा, तालमीत राहून कुस्ती शिकायला आलेला. टोळीच्या गेममध्ये तो पुढं, मी मागं. मार त्यानं खायचा, आणि ताकद वाढवणारं खाणं पडलं की मी उचलायचं. तो हसायचा नुसता. “तू ऱ्हा मागं, मी हाय की.”

एका दुपारी मी एकाला हरवलं आणि वर खिजवलं. बाहेर त्यानं माझी गचांडी धरली. बिरूनं मधे पडून मला सोडवलं. तेवढ्यात त्या पोराचे आणखी दोघं दोस्त आले, आणि तिघांनी मिळून बिरूला तुडवलं. भांडण कुणाचं? माझं. आणि मी कुठं होतो? रसवंतीच्या आडोशाला — बसून होतो. सगळं दिसत होतं मला.

भ्यालो, एवढंच असतं तर कदाचित पचलंही असतं. पुढचं पचत नाही.

रस्त्यावर कुणाशी भिडला तर पोरगा घरी, असा तालमीचा नियम. टोळीच अंगावर आली तर गोष्ट वेगळी. बिरू तोंड उघडेना — माझं नाव निघेल म्हणून. मग वस्तादांनी मला बोलावलं. “मारणारा एकटा हुता का लय जण?”

तिघं म्हणालो असतो, तर पुढं काय विचारलं असतं? मग तू काय करत हुतास — हेच ना?

“समोरासमोर,” मी म्हणालो. “बिरूनंच काढली कळ.”

बिरू तिथंच उभा होता, ओठ फुटलेला. माझ्याकडं बघितलं त्यानं.

म्हसवडच्या गाडीत त्याला बसवायला मीच गेलो — हो, गेलो. त्याची वळकटी वर चढवून दिली. गाडी हलताना खिडकीतनं विचारतो, “तुला कुठं लागलं न्हाई न्हवं गड्या?”

तिथनं मी सरळ दुकानात गेलो. नवा गेम आला होता. पोरांनी विचारलं, हा कशात रं?

मी सांगितलं.