पडद्याचे दोन कुर्ते

ज्या घरात शिलाई मशीन असतं तिथे कातरण आणि किस्से दोन्ही साठत जातात. फेकायला घेतलं की आतून आवाज येतो, "राहू द्या, कशाला तरी लागेल." त्यातलेच हे थोडे. मला यातलं सगळं कळलंय असा गैरसमज मात्र नसावा. मी जन्मभर कारकून. समोर आलेलं पुढे पाठवायचं, एवढंच मला येतं.

* * *

आधी घरचं राजकारण. आमचा थोरला प्रकाश आणि धाकटा नंदू यांचं गेल्या दिवाळीपासून बोलणं बंद होतं. कारण काय, तर आमच्या मलकपेठच्या घराच्या फाटकात एकच गाडी मावते! लोकांचे मुलगे इस्टेटीवरून भांडतात. आमची इस्टेट म्हणजे तेवढीच जागा. तेव्हापासून आम्हाला भेटायला एक सकाळी यायचा, दुसरा संध्याकाळी. सुनांचं मात्र छान चालायचं. त्यांच्याकडे गाड्या नाहीत.

यंदा नलिनीने, म्हणजे आमच्या मंडळींनी, जाहीर केलं, "या दिवाळीला दोन्ही नातू एकाच कापडात दिसले पाहिजेत. एकाच वेळी. याच घरात."

ओम प्रकाशचा, वेद नंदूचा. दोघंही चार वर्षांचे, उंचीला सारखे.

"कापड आणू का?" मी विचारलं.

"नक्को. घरातलंच."

धाकटी सून लावण्या तेलुगू आहे, मला मावय्या म्हणते. तिने माहिती पुरवली, "मावय्या, याला अपसायकलिंग म्हणतात."

आमच्या लहानपणी याला थोरल्या भावाची चड्डी म्हणत.

* * *

एका सकाळी आंघोळ करून टॉवेलवर हॉलमध्ये आलो, तर रस्त्यावरून भाजीवाल्याने नमस्कार केला. मी आत, तो बाहेर, मध्ये काहीच नाही!

"अगं, पडदे कुठायत?"

"दिवाळीला येतील!"

पडदे, दिवाणाची चादर, लोडाचे अभ्रे, सगळं एकाच निळ्या फुलाफुलांच्या कापडाचं. बेगम बाजारात हिला अख्खा ताका मिळाला होता. घर कुठे संपतं आणि पडदा कुठे सुरू होतो, ते मला आधीही कळत नसे.

* * *

मापं घ्यायची तर पोरं एकत्र यायला हवीत, आणि पोरं यायची तर बाप बोलायला हवेत. म्हणून हिने मापाला लोड घेतला. शेजारच्या रशीदा आपा दुपारी मशीनवर बसायला यायच्या. एकदा पाहतो तर लोड खुर्चीत, अंगात कुर्ता, आणि आपा त्याला दटावतायत, "सीधे बैठो बेटा, हिलो नक्को!"

मला पाहून म्हणाल्या, "भाईसाब, पूरे खानदान में येइच एक शरीफ है. लडताइच नै!"

* * *

खिशांना जाड कापड हवं होतं. ज्या सफारीत मी रिटायर झालो, ती कपाटातून गेली. मी हरकत घेतली.

"तुमच्याच नातवांच्या अंगावर जातेय ना?" हरकत फेटाळली गेली.

नोकरीभर त्या सफारीच्या खिशात कुणी काही घातलं नाही. दिवाळीला वेदने कुर्ता चढवल्याबरोबर दोन लाडू घातले!

* * *

दिवाळीचं आमंत्रण हिनेच दिलं. प्रकाशला फोन केला, "नंदू संध्याकाळी येतोय, तू दुपारी ये." नंदूला फोन केला, "प्रकाश संध्याकाळी येतोय, तू दुपारी ये." दोघं एकदमच फाटकाशी! दोघांनीही गाड्या रस्त्यावर लावल्या. फाटक रिकामं.

जेवताना दोघं फक्त माझ्याशी बोलत होते.

"बाबा, त्याला म्हणावं वरण इकडे सरकव."

"बाबा, त्याला म्हणावं संपलं."

रिटायर होऊनही माझं टेबल सुटलं नाही.

मग लावण्याने नातवांना दिवाणावर बसवून फोटो काढला. कुर्ते तेच, चादरही तीच! फोटोत नुसती दोन डोकी आणि अधांतरी लाडू.

"मावय्या, पोरं गायब!"

* * *

फोटोनंतर पोरं तिथेच पालथी झोपली. भावांना निमित्तच हवं होतं. आपापलं पोर उचलून निघायचं ठरलं. सुना आवरून मागून ऑटोने जाणार होत्या. तेवढ्यात ही त्याच कापडाच्या दोन कानटोप्या घेऊन आली.

"बाहेर गार आहे," म्हणत तिने त्या पोरांच्या नाकापर्यंत ओढल्या. भर दुपार होती. मी बनियनवर, पंखा पाचवर.

मग हिनेच एकेक पोर उचलून एकेकाच्या खांद्यावर दिलं. एकमेकांकडे पाहायचं नाही म्हणून दोघं दाराकडे पाहत होते. तसेच गेले. स्वयंपाकघरात सुना हसत होत्या. कशाला, ते मला कुणी सांगितलं नाही.

थोड्या वेळाने प्रकाशचा फोन आला. "आई, हा वेद आहे!"

"मग नंदूला फोन कर. मला काय सांगतोस?" हिने फोन ठेवला.

"अगं, तू तर नातवंडं पाठीवरून ओळखतेस!" मी म्हणालो.

"चष्मा नव्हता."

चष्मा तिच्या नाकावर होता.

संध्याकाळी दोन्ही गाड्या पुन्हा फाटकाशी आल्या. पडदे नसल्यामुळे सगळं दिसत होतं. प्रकाशने काच खाली केली.

"नंद्या, तू लाव आत."

"तू लाव, दादा."

"तुझी नवी आहे, बाहेर घासेल."

"लाव म्हणतो ना!"

दोघं एकदमच मागे सरकले. मागे हॉर्नचा गोंधळ, आणि फाटक पुन्हा रिकामं!

हे दाखवायला मी हिला हाक मारली. ही सोफ्याच्या कव्हराला मापाची टेप लावून बसली होती.

"अहो, यावर चहा सांडू नका," म्हणाली, "संक्रांतीला लागणार आहे."